दुखतंय, पण शिवतेय

अंगात एचआयव्ही, त्यानं तळपायांत आग आणि मान खाली, असा टेम्पोवाला दवाखान्यात एचआयव्हीच्या औषधांच्या रांगेत उभा होता. त्याच्या पुढची शिंपीणबाई नणंदेला सांगत होती.

"वन्सं, आज सकाळी अख्खा झगा शिवला! पायानं मशीन चालवून!"

"काय सांगतेस! मशीनकडे बघतसुद्धा नव्हतीस तू. पायांची आग गेली?"

"छे हो, ती कुठली जाते? आहे तिथंच आहे."

"मग गं?"

"इथल्या ध्यानाच्या वर्गात शिकवतात ना, दुखण्याशी भांडायचं नाही. श्वास घ्यायचा आणि आग कुठून उठते, कुठवर जाते, ते नुसतं बघायचं. मी बघत बसले, तर ती कमी-जास्त होत होती! इतकी वर्षं मला वाटायचं, एकसारखीच जळते."

"अगं, हळू बोल. लोकांना कळेल एचआयव्हीचं."

"या रांगेत लोक काय साखर घ्यायला उभे आहेत?"

नणंद फिस्सकन हसली आणि तिनं एकदम कपाळाला हात लावला.

"मशीन बघायला गिऱ्हाईक यायचंय संध्याकाळी!"

"लावा फोन! आत्ताच्या आत्ता!"

"हॅलो, ते मशीन विकायचं नाही हो... बरी कुठली, दुखतंय तिला. पण शिवतेय ती!"

टेम्पोवाल्याला राहवेना.

"ताई, त्या वर्गात पुरुषांना घेतात?"

"घेतात की! एक मोठे साहेब येतात, डोळे मिटले की घोरायलाच लागतात. उद्या या तुम्ही. त्यांना कोपरानं ढोसायला कुणीतरी हवंच आहे."