अंगणातली नवी दोरी

आठ दिवसांच्या पावसानंतर त्या दिवशी झकास ऊन पडलं होतं, वारंबी सुटलं होतं. मी धोतर पिळून अंगणातल्या नव्या काळ्या दोरीवर वाळत टाकलं. आत नात लॅपटॉपवर नोकरीची मुलाखत देत होती आणि नेट सारखं जात होतं.

"आबा, ती नेटची डबी बंद करून चालू करा की!"

मी दमानं तीनदा केली. नेट यायचं, पण वाऱ्याची झुळूक आली की परत जायचं. पोर रडकुंडीला आली.

तेवढ्यात शेजारचा पांडबा भिंतीवरनं ओरडला, "ओ आबा, दोरी न्हवं, नेटची वायर हाय ती! धोतर काढा आधी!"

धोतर काढलं, मुलाखत पार पडली, नोकरीबी लागली. पेढे घेऊन गेलो तर पांडबा म्हणाला, "पेढं ठेवा हितं, आणि ही दोरी घेऊन जावा."