बँकॉकच्या गल्लीतली वंदना

मी दहिवलीचा, ताई. बाप माथेरानला हमाली करायचा, मी पन तेच, पावन्यांच्या बॅगा डोक्यावर घेऊन हाटेलापर्यंत, कारन वर गाड्या चालतच नायत. शाळेत मी एकदाच गेलो, छपरावर कौलं चढवायला.

असा मानूस बँकॉकला गेला म्हंजे काय सांगू तुमाला. आमच्या विहाराची सहल निघाली, तिकडली बुद्धाची मंदिरं बघायला, मी, बायको सुमन आनि पुतन्या संदेश, सगळे पांढऱ्या कपड्यात. शेवटच्या रात्री संदेश म्हनला काका, जवळच एक गल्ली हाय, रातभर जागी असते, चल. सुमन म्हनली, जावा, पन पहाटे विमानतळाची बस हाय, हरवलात तर मी थांबायची नाय, तुमची बॅग तेवढी नेईन.

काय ती गल्ली, ताई! लाल निळे दिवे हवेत पोहतायत, भाजल्या मटनाचा धूर त्यातनं फिरतोय, दारादारातनं वेगळं गानं, आनि सगळ्यांचं मिळून कानात असं भरलं का पाय जमिनीवर हायत का नाय तेच कळंना, एक थेंब प्यालो नव्हतो तरी डुलत व्हतो. एका गाड्यावर तळलेले विंचू, मी म्हनलो, आमच्याकडं हे फुकट चावतात रं.

आनि गोरी पोरं पोरी, सगळ्यांच्या पाठीवर हे एवढालं वझं. मला वाटलं आयला, हितं सगळे हमालच. तेवढ्यात एका पोरीनं आपली सॅक खाली टेकवली, घाम पुसला, आनि माझा हात, जल्माची सवय, सॅक गेली ना डोक्यावर, मी पुढं चाललो पन, कुठलं हाटेल ताई, विचारत. ती मागं बोंबलतेय चोर चोर करून, म्हंजे तेच बोलत असंल. लोकांनी धरलं. मी सॅक दिली, कान धरून उठाबशा काढल्या, तवा ती हसली. वळून बघतो तर संदेश नाय. माझा फोन खोलीत चार्जिंगला. हाटेलाचं नाव मला वाचता कुठं येतंय.

चाललो, ही गल्ली, ती गल्ली. माझं हसू पळालं. सुमन बोलली तरी मला टाकून ती बसमदी बसायची नाय, ते मला ठावं, म्हंजे माझ्यापायी आमी दोघं पन परक्या मुलखात अडकनार.

तवा एका बारमदी उंच फळीवर बुद्धाची मूर्ती दिसली, झेंडूची माळ, बारकी मेनबत्ती. आता दारूचा गुत्ता, पन मूर्ती म्हनल्यावर मी चपला भाईर काढल्या, टेबलांच्या मधी गुडघे टेकले, डोळे मिटले नि सुरू केलं, बुद्धं सरणं गच्छामि. पंचशील घेत घेत पाचव्याला आलो, दारू पिनार नाय, आनि मागं गिलास वाजतायत. कोन तरी हसलं. मंग बाजूनं बाईचा आवाज आला. तेच शब्द, ताई. सूर लांब, वळनं वेगळी, पन शब्द तेच, जशी आपल्या आळीतली पोर दूरगावी नांदाय जाते नि तिची बोली जरा फिरते. बघतो तर पैशाच्या गल्ल्यावरची बाई, हातात फडकं, माझ्या बाजूला गुडघ्यावर. गानं चालूच असंल, मला ऐकाय येईना, पान्याखाली बसल्यागत आमी दोघं.

संपल्यावर तिनं माझे पांढरे कपडे बघितले, इंडिया? म्हनली. मी मान हालवली. असले यात्रेकरू कुठं उतरतात ते तिला ठावं असनार, फडकं टाकलं, माझं मनगट धरलं नि निघाली, अंधाऱ्या बोळातनं, मंदिराच्या मागनं, आनि समोर आमचं हाटेल. पायरीवर सुमन, बाजूला संदेश रडवेला. सुमननं मला बघितलं, तिला बघितलं, माझे उघडे पाय बघितले नि म्हनली, चपला पन दिल्यात काय हिला? आनि त्या बाईला गच्च मिठी मारली.

नाव इचारायचं राहिलं. आता संध्याकाळी विहारात बसतो तर माझा सूर मधीच तिच्यासारखा लांबतो, बाकीचे पुढं निघून जातात, सुमन कोपर मारते. काय करू? त्या येळेला तिकडं दिवे लागलेले असतील, ती गिलास पुसत असंल. सुखी रहा गं बाई, तुझं मंगल होवो.