मुलुंडमध्ये शून्याखाली

मनालीच्या थंडीच्या गप्पा मला सांगू नका यार. शून्याखालचं तापमान मी सातवीत असताना मुलुंडमध्ये पाहिलंय, तेही ऑक्टोबरच्या उकाड्यात.

वितळणारा बर्फ बरोबर शून्य अंश सेल्सिअस असतो, हे आमच्या विज्ञानाच्या बाईंना दाखवायचं होतं. पण ऐंशीच्या दशकात शाळेत फ्रीज कुठला? बाई म्हणाल्या, "शैला, गेटवरच्या कुल्फीवाल्याकडून थोडा बर्फ आण गं."

शैलानं त्याच्या माठातलाच बर्फाचा चुरा आणला. बाईंनी त्यात तापमापी उभी केली. पारा उतरत उतरत शून्यावर आला आणि थांबलाच नाही ना! उणे दोन, उणे पाच...

"वाट लागली. बाई, तापमापी बिघडली," संज्या म्हणाला.

बाईंनी वितळलेलं पाणी बोटावर घेऊन चाटलं. "अगं बाई, खारट! कुल्फी गोठावी म्हणून तो बर्फात मीठ घालतो. मिठामुळे बर्फ शून्याच्याही खाली जातो." पुढे हळूच म्हणाल्या, "मी हे फक्त वाचलं होतं रे."

पारा उणे दहाच्या शेवटच्या रेघेखाली घसरला.

"बाई, आता किती?"

"आता रेघाच संपल्या."

सगळ्यांचे सदरे घामानं पाठीला चिकटलेले. तेवढ्यात संज्या उठला आणि बर्फाला वारा लागू नये म्हणून कुणालाही न विचारता त्यानं पंखा बंद केला.

एकानंही त्याला परत लावायला सांगितलं नाही.