जंगल थीमचं मखर

वाढदिवसाच्या थीमचं मला नका सांगू, आमच्या पेणच्या वहिनीचं ऐका. चार वर्षांच्या आरवसाठी तिने महिनाभर मोबाइल बघून जंगल थीम ठरवली. पोरांनी किती वाजता काय खेळायचं, कितीला हसायचं, सगळं कागदावर.

सजावटवाला मात्र गणपतीची मखरं करणारा. त्याने पुठ्ठ्याचं मखर आणलं, वर दोन वाघ चिकटवले आणि म्हणाला, "झालं जंगल, वहिनी."

आरवला फेटा बांधून आत बसवला. वहिनी निरांजन घेऊन ओवाळायला पुढे झाली. पोरं पेणची, त्यांना दुसरं काय सुचणार? टाळ्यांचा ठेका धरून त्यांनी आरतीच सुरू केली.

"अरे, हॅपी बर्थडे म्हणा," वहिनी विनवत होती. तोवर पोरं दुसऱ्या आरतीवर पोचली होती. केकसुद्धा त्यांनी प्रसादासारखा उजव्या तळहातावर घेतला आणि खाऊन हात डोक्यावरून फिरवला.

मग शेजारची चिमी शांतपणे म्हणाली, "काकू, ह्यो दीड दिवसाचा हाय का पाच दिवसांचा?"

आरवने मखरातून उडी मारली ती थेट माझ्या कडेवर.

"आत्या, मला तुझ्या घरी रोह्याला ने. गाडीने ने. नदीवर नको."