सुपडाभाऊंच्या ट्रकला लागलेली नजर

स्कूटीची बॅटरी चार्ज होईपर्यंत वंदना मलकापूरच्या ऑटो-इलेक्ट्रिकच्या दुकानात स्टुलावर बसली होती. समोर जुन्या ट्रकखाली मिस्तरी शिरला होता आणि ट्रकवाले सुपडाभाऊ वाकून त्याच्याशी बोलत होते.

“पुन्हा सेल्फ जळला, मिस्तरी. चावी फिरवली का टक करते अन् गप. गाडीले नजर लागली.”

“कोन लावीन हो या डबड्याले नजर?”

“शेजारी! म्हनून तं सेल्फ जळला का मी एक लिंबू-मिरची वाढवतो. पाहा, समोर नवरदेवासारखी माळ झाली.”

“दोऱ्यात ओवता?”

“दोरा तुटते. तांब्याच्या तारेत ओवतो.”

“तार कुठून आनता?”

“गाडीचीच हाय. इंजिनाखाली तांब्याची जाड वेनी लोंबकळून राह्यली होती, तिच्यातून उपसतो.”

“अहो, ते अर्थिंग हाय! सेल्फचा सारा करंट तिच्यातूनच जाते. तुमी उपसून उपसून ते बारीक केली, म्हनून तं सेल्फ जळून राह्यले!”

वंदनानं ओढणी तोंडाशी धरली.

“म्हंजे नजर नव्हतीच लागली?” सुपडाभाऊंनी विचारलं.

“नव्हती.”

“एकदाबी नाई?”

“नाई हो!”

“मंग पाहा! लिंबानं गुन देल्ला का नाई?”