डासवालीचा मंगळवार

दवाखान्यात औषधांच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी उभ्या होत्या. शेजारच्या रांगेतल्या मुलीला त्यांनी हाक मारली.

“अगं, तू डासवाली ना? या मंगळवारी आली नाहीस ती!”

“आजी, तुम्ही? अहो, डास गोळा करायचं काम संपलं आमचं.”

“संपलं कसं? माझ्याकडे आहेत की अजून. भरपूर आहेत.”

“आता नकोत. प्रयोगशाळेत तपासून झाले. फवारणीचं औषध त्यांना का बाधत नाही, ते कळलं. त्यांच्या जनुकांतच बदल झालाय. पिढ्यान्‌पिढ्या उतरतो तो.”

“माझ्या घरातल्यांच्यासुद्धा?”

“तुमच्याच घरातले तर सगळ्यात जास्त होते. अख्ख्या गल्लीत मिळून तेवढे सापडत नव्हते.”

“सापडतील कसे? दिवेलागणीला खिडक्या लावून घेतात सगळे. मी उघड्या ठेवते. पाण्याच्या पिंपावरचं झाकणही काढून ठेवते.”

“आजी! मुद्दाम?”

“पहिल्यांदा आलीस तेव्हा दोनच मिळाले. नळीत ओढलेस आणि लगेच चपला घातल्यास. पुढे जास्त मिळायला लागले, तशी बसायला लागलीस. चहासुद्धा घ्यायला लागलीस.”

“आणि इथे कशासाठी आलात? ताप आहे?”

“येतो, जातो. त्याचं काय एवढं!”

“झाकण लावा, आजी. आज घरी गेल्या गेल्या लावा.”

“लावते बाई. पण नीट लागलंय का, ते बघायला मंगळवारीच ये हं.”