उंबऱ्याबाहेरच्या सरोजिनी मॅडम

“टेबलामागनं दिसणार का ह्या?”

हे वाक्य याच संस्थेत, सरोजिनी मॅडमच्या मुलाखतीच्या वेळी, निवड समितीतल्या एका गृहस्थांनी शेजारच्यांना विचारलं होतं. हळू आवाजात, पण कोल्हापुरातला हळू आवाज तो, बाहेरच्या बाकापर्यंत पोचला. मॅडम रुजू झाल्या त्या उंच टाचांच्या सँडलवर, आणि आज निवृत्त होताहेत त्याही तशाच. अध्यक्ष धैर्यशील सर, व्यासपीठावरचे मान्यवर, सहकारी, पालक आणि माझ्या मुलींनो, ते वाक्य पुन्हा कुणी उच्चारलं नाही. आपणा सर्वांना नमस्कार.

मॅडम भौतिकशास्त्र शिकवायच्या. माणूस उभा कसा राहतो हे सांगताना फळ्यावर एक माणूस काढायच्या आणि त्याच्या पोटातून सरळ खाली एक रेघ. रेघ पावलांच्या आत पडली तर माणूस उभा, बाहेर पडली तर आडवा. हे सगळं त्या पेन्सिलीएवढ्या टाचांवर उभ्या राहून सांगायच्या. एकाही मुलीने कधी शंका विचारली नाही. तशी शिस्तच होती.

माझं घर कॉलेजच्या मागच्याच गल्लीत. पुस्तक द्यायला, डबा परत करायला मॅडम कितीदा तरी आल्या, पण दारातच थांबल्या. “घाईत आहे, क्रांती.” संक्रांतीचं हळदीकुंकूसुद्धा दारातच. माझ्या सासूबाई, चिमणाबाई, गारगोटीकडच्या. त्यांना हे फार लागायचं.

“उंबरा वलांडत न्हाय बाई. आमच्या फरशीवर काटं पेरल्यात व्हय?”

“घाईत असतात हो, आत्या.”

“आन् दारात अर्धा तास बोलत्यात ती?”

 खरं सांगायचं तर, मलाही लागलं होतं. इतक्या वर्षांची मैत्री, आणि माझ्या घरात बसलेल्या मॅडम मला आठवतच नाहीत.

गेल्या वर्षी जिन्यात मॅडमचा पाय मुरगळला. मी त्यांना आपल्याच माजी विद्यार्थिनीकडे, फिजिओथेरपिस्ट अदितीकडे घेऊन गेले. तिथं सँडल काढावीच लागली. त्यांचे पाय मी प्रथमच पाहिले. अंगठा आत वाकलेला, बोटं एकमेकांवर चढलेली. अदितीने अनवाणी उभं राहायला सांगितलं. मॅडमच्या टाचा जमिनीला टेकेनात. भिंतीला हात लावून त्या चवड्यांवर उभ्या राहिल्या.

“मॅडम, टाच इतकी वर्षं वर राहिली की पोटरी आखडते,” अदिती म्हणाली. “सगळं वजन चवड्यांवर येतं. आता तुमचा तोल सपाट जमिनीवरच जातो. एकदम सोडू नका, उंची थोडी थोडी कमी करू. पण असंच चालू ठेवलंत, तर पुढच्या वेळी नुसत्या मुरगळण्यावर भागणार नाही.”

परतताना रिक्षात मॅडम म्हणाल्या, “घाईत मी कधीच नव्हते. तुझ्या दारात सँडल काढली असती, तर तुझ्या सासूबाईंच्या पुढ्यात पडले असते.”

हे इथं सांगायची परवानगी मी घेतली आहे. म्हणाल्या, “सांग. सगळे एकदाच पायाकडे बघतील, मग संपलं.” तर बघून घ्या. संपलं.

आपण बघितलंच असेल, टाचांची उंची अजून तेवढीच आहे.

सासूबाईंना मी हे सांगितलं. आमच्याकडे जावईसुद्धा मोजे काढून आत येतो. आज सकाळी त्या म्हणाल्या, “घालूनच येऊ दे की आत. फरशी मी पुसून घेईन.”

माझं बोलणं लांबलं. काही उणंअधिक निघालं असेल तर पोटात घाला. ऐकून घेतलंत, आभारी आहे.

मॅडम, एकच विनंती. इथून उठल्यावर आमच्याकडे जेवायला या. सासूबाई काहीही म्हणोत, सँडल दारात काढा. दारालगतच्या सोप्यापासून स्वयंपाकघरापर्यंत धरायला भिंत आहे; भिंत संपते तिथं मी उभी राहीन. ‘घाईत आहे’ हे कारण आजपासून चालायचं नाही.

दुसरं कारण शोधून झालेलं आहे, हे मला इथूनही दिसतंय.